लॉट बंद, पेट्या चालू: पोस्टग्रेसमध्ये ‘फॉर अपडेट’ घ्यावं की ‘सिरियलायझेबल’?

फेब्रुवारीतली रात्र, साडेदहाची वेळ. नाशिकच्या दिंडोरी रोडकडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमधून सुपरवायझरचा फोन आला. “भाऊ, तुमच्या स्क्रीनवर लॉट बंद दाखवतोय, ४८० पेट्या. पॅलेटवर स्टिकर लागलेल्या पेट्या भरतात ४८१. रीफरची थंड गाडी दारात उभी आहे. कागदावर कोणता आकडा लिहू?”

पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालणारं ते सॉफ्टवेअर माझंच, त्यामुळे बोट दाखवायला दुसरं कुणी नव्हतं. त्या हंगामात हा प्रश्न मी दोन्ही पद्धतींनी सोडवून पाहिला. आधी रो लॉक करून, म्हणजे ‘फॉर अपडेट’सारख्या आज्ञेने टेबलातली ओळ धरून ठेवून. मग आयसोलेशनची, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं एकमेकांपासून वेगळी ठेवण्याची, पातळी ‘सिरियलायझेबल’पर्यंत वाढवून. तुम्ही आता याच वळणावर असाल तर माझा अनुभव कामी येईल. तुमचं काम वेगळ्या धाटणीचं असेल तर निष्कर्षही वेगळा निघू शकतो, हे आधीच मान्य करतो.

झालं काय होतं ते बघा. काउंटर तीनवर पेटी स्कॅन झाली. कोडने लॉटची स्थिती वाचली: ‘चालू’. त्याच क्षणी ऑफिसातून कुणीतरी ‘लॉट बंद करा’ दाबलं. त्या कोडने पेट्या मोजल्या, ४८० निघाल्या. काउंटर तीनची पेटी टेबलात गेली होती, पण कमिट, म्हणजे कायमची पक्की, झाली नव्हती, म्हणून ती मोजणीत दिसलीच नाही. मग लॉटच्या रोवर ‘बंद, ४८०’ लिहिलं गेलं. दोघांनीही कमिट केलं आणि दोघांनाही हिरवा दिवा मिळाला. एकाने लॉट वाचून पेटी लिहिली, दुसऱ्याने पेट्या वाचून लॉट लिहिला. दोघांनी एकाच रोवर लिहिलं असतं तर निदान एकाला थांबावं तरी लागलं असतं.

“पेटीला लॉटशी जोडणारी फॉरेन की नव्हती का?” होती की. पण फॉरेन की फक्त एवढंच बघते की त्या नंबरचा लॉट अस्तित्वात आहे. तो चालू आहे की बंद, याच्याशी तिला देणंघेणं नाही. पोस्टग्रेस ९.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, फॉरेन कीची तपासणी पालक रोवर, म्हणजे इथे लॉटच्या रोवर, ‘फॉर की शेअर’ एवढंच हलकं लॉक घेते. स्थितीचा कॉलम बदलणारा अपडेट त्याला आडवा जात नाही. दोघं शेजारून निघून जातात. वेगासाठी ही सोय उत्तमच आहे, पण आपल्या नियमाचं रक्षण ती करत नाही.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला. पेटी टाकणाऱ्याने आधी लॉटचा रो ‘फॉर शेअर’ने धरायचा, बंद करणाऱ्याने ‘फॉर अपडेट’ने. सगळे काउंटर एकमेकांना न अडवता स्कॅन करत राहतात आणि बंद करणारा सगळ्यांचं कमिट होईपर्यंत थांबतो. लॉक हातात आलं की पुढच्या स्टेटमेंटला पेट्या मोजायच्या. रीड कमिटेड या आयसोलेशनच्या पातळीत प्रत्येक स्टेटमेंटला नवा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाचा फोटो, मिळतो, त्यामुळे ४८१वी पेटी दिसते. कोड वाचणाऱ्यालाही कळतं की इथे काय जपलं जातंय. या पद्धतीबद्दल मला आजही आदर आहे.

खाचखळगे मात्र आहेत. ‘जरा कडक असू दे’ म्हणून कुणी रिपीटेबल रीड ही त्याच्या वरची पातळी लावली तर स्नॅपशॉट पहिल्याच स्टेटमेंटला, म्हणजे लॉकसाठी वाट बघायच्या आधीच, घेतला जातो. वाट बघून झाली, लॉक मिळालं, तरी मोजणी जुनीच. लॉटचा रो कुणी बदललेला नसतो, फक्त धरलेला असतो, म्हणून एररही येत नाही. पातळी वाढवली आणि गळती परत सुरू झाली, असा हा प्रकार.

डेडलॉक, म्हणजे दोघांनी एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकणं, तर सर्वांना माहीत आहे. एकजण बाराव्या लॉटमधून पंधराव्यात पेटी हलवतो, दुसरा पंधराव्यातून बाराव्यात, आणि डीफॉल्टला एक सेकंद थांबून पोस्टग्रेस एकाला बाहेर काढतं. लॉट नेहमी नंबरच्या चढत्या क्रमाने धरायचे, विषय संपला.

या कशामुळेही मी लॉक सोडले नसते. सोडले ते ‘रिजेक्ट’ स्क्रीनमुळे.

स्कॅन आणि बंद या दोन्ही ठिकाणी लॉक लावून मी निवांत झालो होतो. पंधराएक दिवसांनी तसाच फोन आला, या वेळी एक पेटी कमी. मणी तडकलेली पेटी परत काढायची स्क्रीन होती, ती मीच आदल्या वर्षी लिहिली होती. ती लॉटला न विचारता पेटी काढून टाकायची. तिथे लॉक लावलं. मग लक्षात आलं की एक्सेलमधून पेट्या चढवायची सोयही आहे. तिथेही लावलं. मग एका सहकाऱ्याने वजनदुरुस्तीसाठी छोटी स्क्रिप्ट लिहिली होती ती सापडली. दर वेळी मी म्हणायचो, हे शेवटचं.

माझं डोकं फिरवलं ते याच गोष्टीने. रो लॉक तेव्हाच काम करतं जेव्हा त्या वाटेने जाणारा प्रत्येकजण ते घेतो. नाशिकच्या द्वारका चौकात संध्याकाळी सहाला तुम्ही एकट्यानेच सिग्नल पाळून काय होतं? आणि विसरल्याची शिक्षा विसरणाऱ्याला लगेच मिळत नाही. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, टेस्टही पास. ती मिळते रात्री साडेदहाला, सुपरवायझरला. कुठे लॉक हवं याची यादी माझ्या डोक्यात होती, डेटाबेसला तिचा पत्ता नव्हता. उद्या नवा मुलगा कामावर आला तर त्याला ती यादी कुठून मिळणार?

म्हणून सिरियलायझेबल. हे नाव पोस्टग्रेसमध्ये आधीपासून होतं, पण ९.१ च्या आधी त्या नावाखाली आजचं रिपीटेबल रीडच मिळायचं. २०११ मध्ये ९.१ आली तेव्हापासून खरी तपासणी सुरू झाली. यात कुणी कुणाला जास्तीचं थांबवत नाही. कोणी काय वाचलं याची डेटाबेस नोंद ठेवतो, आणि एकाने वाचलेल्यावर दुसऱ्याने लिहिलं, दुसऱ्याने वाचलेल्यावर पहिल्याने, असा धोक्याचा गुंता दिसला की एकाला ४०००१ हा एरर कोड देऊन परत पाठवतो. तेवढं ट्रान्झॅक्शन, म्हणजे कमिटपर्यंतचं ते सगळं काम, पहिल्यापासून पुन्हा चालवायचं, म्हणजेच रिट्राय. दुसऱ्या फेरीत लॉट ‘बंद’ दिसतो आणि पेटी नीट नाकारली जाते.

मला आवडलं ते हे की डेटाबेसच्या पातळीवर एकदा डीफॉल्ट आयसोलेशन बदललं की रिजेक्ट स्क्रीन, एक्सेल, ती विसरलेली स्क्रिप्ट, सगळे आपोआप आत. मुद्दाम पातळी खाली आणणारा कोडच तेवढा बाहेर राहतो आणि तो शोधायला एक सर्च पुरतो. तो शोधावा मात्र लागतोच, कारण एक जरी रीड कमिटेडवर राहिला तर त्याच्यापुरती हमी गेली. आता कुणी विसरलं तर काय विसरतो? रिट्राय. मग एरर तिथेच, त्याच्याच स्क्रीनवर दिसतो. विसरण्याचा हा प्रकार मला परवडतो.

किंमत फुकटची नाही. माझा सगळ्यात लाजिरवाणा दिवस स्टिकर प्रिंटरने दाखवला. स्टिकर छापायचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या आत होता. रिट्राय झाला की एका पेटीला दोन स्टिकर. काउंटरवरची ताई जास्तीचे स्टिकर टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवायची, दुपारपर्यंत तिथे एक छोटी रांग झाली होती. मला त्या रांगेवरून रिट्राय मोजता आले, लॉग उघडावाच लागला नाही. छपाई कमिटनंतर नेली. स्कॅनरचा ‘ओके’चा आवाजही कमिटनंतरच, कारण ४०००१ अगदी कमिटच्या वेळीही येऊ शकतो आणि तोवर वाचलेल्या कशावरही भरवसा ठेवायचा नसतो.

रांग एवढी लांब का झाली, त्याचंही कारण सापडलं. पेट्यांच्या टेबलावर लॉट नंबरचा इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, नव्हता. सगळं टेबल चाळून उत्तर काढलं तर पोस्टग्रेस ‘याने पूर्ण टेबल वाचलं’ अशी नोंद करतं आणि ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही असे लॉटही एकमेकांना पाडतात. इंडेक्स लावला, ट्रान्झॅक्शन छोटी केली, उघडी ठेवून चहाला जाणारी कनेक्शनं बंद केली. त्यानंतर हंगाम ऐन भरात असतानाही रिट्राय दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. हे काही शास्त्रशुद्ध मोजमाप नव्हे. टेबलाच्या कडेला स्टिकर दिसेनासे झाले, एवढंच सांगतो.

दिवसाच्या लांबलचक रिपोर्टसाठी ‘रीड ओन्ली डिफरेबल’ असा पर्याय आहे. तो सुरुवातीला सुरक्षित स्नॅपशॉटची वाट बघतो आणि मग कुणालाही न छळता चालतो. रिपोर्ट स्टँडबाय, म्हणजे मुख्य डेटाबेसची नक्कल ठेवणाऱ्या, सर्व्हरवरून काढत असाल तर तिथे सिरियलायझेबल चालत नाही, रिपीटेबल रीडवर भागवावं लागतं. मायएसक्यूएलवाल्यांनी हे सगळं जसंच्या तसं उचलू नये. तिथे इनोडीबी या स्टोरेज इंजिनचं सिरियलायझेबल ट्रान्झॅक्शनमधल्या साध्या सिलेक्टलाही शेअर लॉक लावतं, म्हणजे फिरून लॉक आणि डेडलॉकच.

एका बाबतीत दोन्ही उपाय हात वर करतात, ती म्हणजे खुद्द डेटाबेसमधल्या वस्तू. एका खिडकीत मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट, एक स्कीमा (टेबलं, फंक्शनं ठेवायचा कप्पा) ड्रॉप करतंय आणि दुसरीत कुणी त्याच स्कीमात फंक्शन बनवतंय, तर मी वापरलेल्या आवृत्त्यांत ते फंक्शन बिनस्कीमाचं मागे उरू शकतं. टेबलावर व्ह्यू बनवताना टेबलाला लॉक लागतं, पण फंक्शन बनवताना स्कीमाला तसं लागत नाही. अशा पोरक्या फंक्शनचा पत्ता लागतो तो बॅकअप घेताना, पीजी-डंप हे बॅकअपचं साधन ‘या ओआयडीचा (अंतर्गत क्रमांकाचा) स्कीमा नाही’ म्हणून अडतं तेव्हा. सिस्टीम कॅटलॉग, म्हणजे डेटाबेसची स्वतःची नोंदवही, डेटाबेस आतून वाचतो तेव्हा तुमच्या आयसोलेशनच्या पातळीने वाचतच नाही, त्यामुळे सिरियलायझेबल इथे मुकं. मी सगळी मायग्रेशनं एकाच अ‍ॅडव्हायझरी लॉकच्या (आपणच ठरवून घ्यायच्या लॉकच्या) दारातून सोडतो. एक आत असेल तर दुसरं बाहेर थांबतं.

मग ‘फॉर अपडेट’ कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे एकाच रोवर सतत झुंबड असते त्यांनी. पॅलेटचा चालू नंबर देणारा रो माझ्याकडेही असाच आहे. तिथे सिरियलायझेबलमध्ये नुसते रिट्रायवर रिट्राय झाले असते. तो नंबर मी वेगळ्या, छोट्या रीड कमिटेड ट्रान्झॅक्शनमध्ये एका अपडेटने वाढवून घेतो. रांगेत थांबणं तिथे स्वस्त पडतं आणि मधला एखादा नंबर वाया गेला तरी कुणाचं बिघडत नाही. जिथे लिहायच्या वाटा दोन-तीनच आहेत, कोड एकाच माणसाच्या हातात आहे आणि रिट्रायसाठी जुना कोड उसवणं जिवावर येतं, तिथेही लॉक पुरे. माझ्याकडे वाटा पाच निघाल्या. सहावी अजून कुठे दडली असेल तर तिची चिंता आता मी करत नाही.

ठरवण्याआधी अर्धा तास काढून हातानेच करून बघा. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड टूलच्या दोन खिडक्या, दोन्हीकडे सिरियलायझेबल. पहिलीत लॉट वाचा, दुसरीत पेट्या मोजा. पहिलीत पेटी टाका, दुसरीत लॉट बंद करा. पहिली कमिट करा, मग दुसरी. दुसऱ्या खिडकीत ४०००१ येईल आणि त्याच्याखाली एक सूचनाही: पुन्हा चालवलं तर हे ट्रान्झॅक्शन यशस्वी होऊ शकतं.