मान्सूनचा वारा बघायचा: अर्थ नलस्कूल की विंडी?

जूनच्या मध्यावर ‘अर्थ नलस्कूल’ उघडा, म्हणजे पृथ्वीच्या गोलावर वाहते वारे दाखवणारी वेबसाइट. डाव्या कोपऱ्यातल्या ‘अर्थ’वर टिचकी मारून 850 हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक; दाब जितका कमी, तितकी उंची जास्त), म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंची निवडा आणि गोल अरबी समुद्राकडे फिरवा. मादागास्करकडून येणारा वारा केनियाजवळ विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतो आणि सोमालियाच्या कडेकडेने निघून आपल्या किनाऱ्यावर धडकतो. ‘नैऋत्य मोसमी वारे’ हे शाळेत पाठ केलेले शब्द मला हे वळण बघताना पहिल्यांदा खरे कळले. कॅमेरॉन बेकारिओ यांनी 2013 मध्ये हे उभं केलं, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

‘विंडी’ या हवामानाच्या वेबसाइटचा पिंड वेगळा. पुढच्या काही दिवसांचा अंदाज, युरोपीय आणि अमेरिकी मॉडेल, म्हणजे संगणकाने मांडलेले हवामान अंदाज, ताडून बघायची सोय. उद्या रत्नागिरीत पाऊस आहे का, यासाठी हेच बरं. शिवाय 150 हेक्टोपास्कलवर, म्हणजे खूप उंचावर गेलात, तर खालच्या वाऱ्याच्या अगदी उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे धावणारा झोत दिसतो. नलस्कूलमध्ये 250 नंतर एकदम 70 येतं, त्यामुळे हा झोत ऐन भरात तिथे सापडत नाही.

तरी मुलांना शिकवायला बसले, तर मी आधी नलस्कूलचा गोलच उघडेन. बोटाने पृथ्वी फिरवत त्या वाऱ्याचा माग काढता येतो.