यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी जुने घर: दुरुस्ती की स्लॅबची नवी इमारत?

महाशिवरात्रीला देवगड तालुक्यातील कुणकेश्वराच्या यात्रेला पायी जाणाऱ्यांच्या वाटेवर आपले वडिलोपार्जित चिरेबंदी घर बंद पडले असेल आणि तेथे मुक्कामाची सोय करायची असेल, तर आहे तेच घर दुरुस्त करावे की पाडून स्लॅब घालावा, हे आधी ठरवावे लागते.

काही ठिकाणी या निर्णयाला कायदाच मर्यादा घालतो. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची किनाऱ्यालगतची जमीन किनारा नियमन क्षेत्रात येते. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात तिच्यातील पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र असते. तेथे अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते. परंतु जोते आणि चटईक्षेत्र, म्हणजे सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम, मूळचेच ठेवावे लागते. वरचा मजला मिळेल या आशेने स्लॅबकडे वळणाऱ्याने घराचे अंतर प्रथम मोजून घ्यावे.

सोयीच्या दृष्टीने मला जुने घर सरस वाटते. पायी येणारी मंडळी एकत्र उतरतात, एकत्र जेवतात आणि पहाटे निघतात, त्यामुळे त्यांना वेगवेगळ्या खोल्यांपेक्षा लांबरुंद ओटी, वाऱ्याची पडवी आणि सारवलेले खळे (अंगण) अधिक उपयोगी पडते. बायकांसाठी आतून कडी लागणारे माजघर असतेच. शौचालये आणि न्हाणीघर मात्र दोन्ही पर्यायांत नव्यानेच, घरापासून वेगळी बांधावी लागतील. जांभ्याच्या जमिनीतून पाणी सहज झिरपते, म्हणून शोषखड्डा विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्यावा.

टिकाऊपणाचा हिशेब इतका सरळ नाही. खाऱ्या हवेत स्लॅबमधील सळई गंजते, गंजताना फुगते आणि काँक्रीटला तडे पाडते. जांभ्याच्या चिऱ्याला हा धोका नाही, पण तो ओल धरतो आणि ती बाहेर पडायला त्याला वाट लागते. आमच्या घराच्या मागील भिंतीला पक्के काम म्हणून सिमेंटचा गिलावा करवून घेतला आणि तिसऱ्या पावसाळ्यात त्याचे पोपडे सुटून आतली ओल खोलीभर पसरली. पुढे तो सगळा खरवडून चुन्याचा करावा लागला. दुरुस्तीत म्हणूनच आधी छप्पर, मग लाकूड आणि शेवटी भिंती, असा क्रम ठेवावा. खर्चाचा मोठा भाग वासे-रिपांवर जातो. कौलांऐवजी पत्रा घातल्यास तेवढ्यापुरते पैसे वाचतात, पण दुपारी पडवीत बसवत नाही.

स्लॅबचे खरे बळ एवढेच की दरवर्षी मे महिन्यात त्याची शाकारणी, म्हणजे पावसाआधी छपराची डागडुजी, करावी लागत नाही. कौलारू घराला ती चुकत नाही. शिवाय चूल पेटती होती तोवर तिच्या धुराने वासे किडीपासून राखले जात. कुलूपबंद घरात वाळवी आणि ओल यांना कोणी अडवत नाही. यात्रा उन्हापूर्वीच्या कोरड्या दिवसांत येते, कार्तिकी वारीलाही पाऊस सरलेला असतो, म्हणजे घराचे सर्वांत कठीण चार महिने यात्रेकरूंवाचूनच जातात. त्या काळात तेथे राहणारे, निदान आठवड्यातून दोनदा दारे उघडून सरकलेले कौल बसवणारे माणूस मिळत असेल, तर दुरुस्तीच करावी. तसे कोणी नसेल आणि घर ना-विकास क्षेत्राबाहेर असेल, तर मन राजी नसले तरी स्लॅबच घालावा.