वाई ते पोलादपूर: १५५ सीसी स्कूटरचा घाटातला अनुभव

गेल्या महिन्यात सर्व्हिस सेंटरने माझ्या स्कूटरची क्लच असेंब्ली (इंजिनाची ताकद चाकाला जोडणारा-तोडणारा भाग) बदलण्याचे साडेचार हजार रुपयांचे अंदाजपत्रक माझ्या हातात ठेवले, आणि त्याच जॉब कार्डावर ब्रेक ऑईलच्या (लिव्हरचा दाब ब्रेकपर्यंत पोहोचवणाऱ्या द्रवाच्या) रकान्यात ‘ठीक’ अशी खूण केली. क्लच बदलण्याची गरज नव्हती आणि ब्रेक ऑईल ठीक नव्हते, हे पुढे सिद्ध झाले. डोंगराळ भागात राहणाऱ्या कोणालाही या दोन्ही गोष्टींची किंमत कळावी, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. गाडी चौदा इंची चाकांची, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेकची, एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला असलेली आहे.

माझा नेहमीचा रस्ता म्हणजे वाईहून पसरणी घाटाने पाचगणी, तिथून महाबळेश्वर, आणि पुढे वाडा कुंभरोशीवरून आंबेनळी घाटाने पोलादपूर. पत्नीचे माहेर खाली कोकणात असल्यामुळे बहुतेक वेळा मागे ती असते आणि डिकी भरलेली असते. घेताना मला एकच चिंता होती, ती म्हणजे गाडी दोघांना घेऊन पसरणी चढेल की नाही. पहिल्या काही महिन्यांत ही चिंता पूर्णपणे मिटली. मोकळ्या रस्त्यावर ती चाळिसाच्या वेगाने पसरणी चढते, वळणातून बाहेर पडताना अडखळत नाही, आणि पाचगणीच्या पुढे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी झाल्यावर पिकअपमध्ये जो फरक पडतो, तो मुद्दाम लक्ष दिले तरच जाणवतो. त्या काळात कोणी विचारले असते, तर घाटासाठी याहून चांगली स्कूटर नाही असे मी सांगितले असते. चढाबाबत ते मत आजही कायम आहे.

उताराबाबत मात्र माझे मत पूर्ण बदलले.

घाटात गाडी चालवणाऱ्यांमध्ये पिढ्यानुपिढ्या सांगितला जाणारा नियम आहे की ज्या गियरमध्ये घाट चढायचा, त्याच गियरमध्ये उतरायचा. स्कूटरमध्ये हा नियम पाळायला गियरच नसतो. बेल्ट आणि रोलर (पुलीतली छोटी वजने) मिळून गियरचे प्रमाण स्वतः ठरवतात, आणि मागच्या बाजूच्या क्लचचे शू, म्हणजे पकड घेणारे तुकडे, इंजिनाच्या फिरण्याने बाहेर फेकले जाऊन चाकाला जोडलेल्या वाटीला पकडतात. फिरण्याचा वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की क्लचचे शू आत ओढले जातात आणि इंजिनाचा चाकाशी संबंध तुटतो. तीव्र वळणावर आपण एक्सलरेटर पूर्ण सोडून पंधरा-वीसच्या वेगाने वळतो, तेव्हा नेमके हेच होते. वळण संपते, उतार सुरू होतो, इंजिन आयडलिंगला राहते आणि गाडी मोकळी धावू लागते. वेग वाढला म्हणून क्लच आपोआप पुन्हा पकडत नाही, कारण शू इंजिनाबरोबर फिरतात, चाकाबरोबर नाही. थोडी रेस दिल्याशिवाय ती पकड परत मिळत नाही. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये चालवू नये असा फलक लावलेल्या घाटात आपण नकळत न्यूट्रलमध्येच उतरत असतो.

गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत टायरमधील हवा, हेल्मेट आणि आरशांविषयी पाने आहेत. या गोष्टीविषयी एक ओळही नाही. मला ही उणीव गंभीर वाटते. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे, आणि पोलादपूर सुमारे चाळीस किलोमीटरवर, जवळजवळ तेराशे मीटर खाली. गाडी, दोन माणसे आणि सामान मिळून २७० किलो वजन धरले, तर या उतारात सुमारे ३४ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. दहा लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ही उष्णता आहे. तिचा बराच भाग हवा आणि टायरचे घर्षण घेते हे खरे, पण उरलेला भाग इंजिनाने घेतला नाही, तर एक छोटी डिस्क आणि एक ड्रम एवढ्यांनाच तो घ्यावा लागतो.

मागच्या पावसाळ्यानंतर, वाडा ओलांडून खालच्या टप्प्यात आल्यावर, पुढच्या ब्रेकचा लिव्हर नेहमीपेक्षा बराच आत येऊ लागला आणि हाताला मऊ लागू लागला. मागच्या ड्रममधून लायनरचा जळका वास येत होता. गाडी थांबवून अर्धा तास उभी केल्यावर दोन्ही ब्रेक पूर्ववत झाले. पॅड आणि लायनर (ब्रेकचे घासले जाणारे भाग) पुरेसे शिल्लक होते, तेव्हा संशय ब्रेक ऑईलवर आला. हे द्रव हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या कोरड्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या ऑईलसाठी तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलेल्या ऑईलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि लिव्हर दाबूनही पॅडवर जोर पोहोचत नाही. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि या परिसरातल्या गाड्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत सततच्या दमट हवेत असतात. अशा ठिकाणी ब्रेक ऑईलची तपासणी हा सर्व्हिसिंगमधला सर्वांत महत्त्वाचा भाग असायला हवा.

सर्व्हिस सेंटरमध्ये मी हे शांतपणे सांगितले. सल्लागाराने ब्रेक ऑईलच्या टाकीच्या काचेतून पातळी पाहिली आणि ‘लेव्हल बरोबर आहे’ असे उत्तर दिले. पातळीचा आणि ओलाव्याचा संबंध नाही, आणि ऑईलचा रंग गडद तपकिरी झाला आहे, हे दाखवूनही दोन वर्षे पूर्ण झाल्याशिवाय ते बदलत नाही, हाच धोशा त्याने लावला. दुसरीकडे, चढावर गाडी उचलताना मागे थरथर होते ही माझी तक्रार ऐकताच क्लच असेंब्लीचे अंदाजपत्रक तत्परतेने तयार झाले. वॉरंटीचा प्रश्न काढल्यावर क्लच हा झिजणारा भाग असून तो वॉरंटीत येत नाही, असे सांगण्यात आले. सव्वाशे रुपयांच्या बाटलीला नकार आणि साडेचार हजारांच्या सुट्या भागाचा आग्रह, या व्यवहाराचा मला मनापासून संताप आला आणि मी गाडी तशीच परत आणली.

वाईतल्या एका मेकॅनिकने माझ्यासमोर क्लच उघडला. शूवरचे लायनिंग जाडीला उत्तम होते; फक्त त्याचा पृष्ठभाग उष्णतेने काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि आत काळी पूड साचली होती. त्याने पॉलिश पेपरने शू घासले, क्लचची वाटी पुसून कोरडी केली, पूड झाडली आणि तीनशे रुपये घेतले. थरथर संपली, आणि तेव्हापासून परत आलेली नाही. कारणही त्यानेच समजावले. घाटात एसटी किंवा ट्रकच्या मागे दहा-बाराच्या वेगाने रेंगाळत चढले की क्लच अर्धवट पकडीत घसरत राहतो आणि तापतो. तेव्हापासून पुढच्या वाहनाशी मी इतके अंतर ठेवतो की वीस-पंचवीसच्या वेगाने सलग चढता येईल, आणि चढावर थांबावे लागले तर गाडी रेसवर न धरता ब्रेकवर धरतो.

ब्रेक ऑईलही त्यानेच बदलले. जुने ऑईल पूर्ण काढून, नळीतली हवा बाहेर काढून नवे डॉट ४ भरल्यावर लिव्हर पहिल्या दिवसासारखा घट्ट झाला. त्यानंतरच्या प्रत्येक उतारावर तो तसाच राहिला आहे, आणि पावसाळा संपला की दरवर्षी हे काम करून घ्यायचे मी ठरवले आहे.

उतरण्याची पद्धतही बदलली. वळणाआधी दोन्ही ब्रेक थोडा वेळ पण ठामपणे लावून वेग कमी करायचा, वळण संपताच अगदी किंचित रेस देऊन क्लच पकडीत आणायचा, आणि मग एक्सलरेटर हलकेच मागे घ्यायचा. इंजिन गाडी धरते तेव्हा तिचा आवाज बदलतो, तो कानाला लगेच ओळखता येतो. ही पकड गियरच्या मोटारसायकलच्या दुसऱ्या गियरइतकी मजबूत नसते, तरीही ब्रेकवरचा भार स्पष्टपणे कमी होतो. सतत ब्रेक घासत उतरण्यापेक्षा अशा रीतीने उतरल्यावर पोलादपूरला मागच्या ड्रमचा वास येत नाही.

एका मेकॅनिकने हलके रोलर बसवण्याचा सल्ला दिला होता. त्याने इंजिन वरच्या फेऱ्यांवर राहते, चढावर जोर वाढतो आणि उतारावर पकडही थोडी सुधारते. पण पेट्रोल जास्त लागते, आणि वॉरंटीच्या काळात असा बदल केल्यास उद्या इंजिनाची खरी तक्रार आली तरी हात झटकण्याचे कारण कंपनीला आयते मिळेल, म्हणून मी तूर्त थांबलो आहे. आत्ताच सपाटीला ४५ च्या आसपास असणारे अ‍ॅव्हरेज या रस्त्यावर ३८ पर्यंत येते, आणि साडेपाच लिटरच्या टाकीत ते फार पुरत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. मोठी चाके आणि रुंद मागचा टायर यांमुळे खड्ड्यांत गाडी दहा-बारा इंची चाकांच्या स्कूटरपेक्षा कितीतरी स्थिर राहते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून आणि खचून बंद पडलेल्या आंबेनळीच्या रस्त्यावर हा गुण फार मोलाचा आहे. पुढच्या चाकाच्या एबीएसने ओल्या रस्त्यावर मला सावरले आहे, पण मागच्या चाकाला ते नसल्यामुळे शेवाळावर किंवा लाल मातीच्या चिखलावर मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक जाम होऊन घसरते. मागचे शॉकअॅब्सॉर्बर कडक आहेत, आणि पत्नीची तक्रार रास्त आहे. धुक्यात अप्पर लावल्यास समोर पांढरी भिंत उभी राहते, तेव्हा डिपरवर हळू जाणेच बरे.

किंमत, जागा आणि चढण्याची ताकद पाहता मी ही गाडी विकणार नाही. ज्यांना घाटासाठी घ्यायची असेल, त्यांनी शोरूमभोवतीच्या सपाट फेरीवर समाधान मानू नये. मागे माणूस बसवून एखाद्या उतारावर टेस्ट राइडचा आग्रह धरावा, एक्सलरेटर सोडून गाडी कोणत्या वेगाला मोकळी होते ते पाहावे, आणि किंचित रेस दिल्यावर ती पुन्हा किती लवकर धरते तेही पाहावे. सर्व्हिसिंगच्या वेळी जॉब कार्डावर ‘ब्रेक ऑईल बदलणे’ असे स्वतःच्या अक्षरात लिहून मगच सही करावी.