रीत आधी सांगणारे घर : आरवलीजवळच्या एका घरगुती निवासाविषयी

वेंगुर्ले तालुक्यात आरवली आणि शिरोडा यांच्या दरम्यान, माडांच्या बागेत असलेल्या एका घरगुती निवासाचे हे परीक्षण आहे. पाहुण्याने कसे वागावे आणि गावात कोणत्या गोष्टी चालत नाहीत, हे येथे आरक्षणाच्या वेळीच आणि कारणासहित सांगितले जाते. किनाऱ्यावरील पुष्कळ निवासांत ही माहिती पाहुण्याला चूक झाल्यानंतर, आणि तीही घरच्यांच्या चेहऱ्यावरून, मिळते. त्यामुळे मला हेच या घराचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते.

आरक्षण पक्के झाले की घरातील वहिनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक सविस्तर संदेश पाठवतात. सोमवारी, संकष्टीला आणि एकादशीला या घरात मासे शिजत नाहीत, तेव्हा केवळ माशांसाठी येणाऱ्यांनी वार आणि तिथी पाहून यावे. खळ्यातील, म्हणजे घरापुढच्या अंगणातील, तुळशीवृंदावनावर ओले टॉवेल वाळत घालू नयेत. समुद्रावरून परतताना पोहण्याच्या कपड्यांत वाडीतून हिंडू नये. स्वयंपाकघरात विचारून यावे आणि देवघर मात्र फक्त घरच्या माणसांसाठी आहे, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. यांपैकी देवघराचा नियम मला फार मोलाचा वाटला. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीने देवघरात जाऊ नये अशी अपेक्षा आजही अनेक घरांत असते आणि काही ठिकाणी पाहुण्या स्त्रियांना त्याविषयी आडून विचारलेही जाते. ती प्रथा मला मान्य नाही. या घराने देवघराची मर्यादा स्त्री-पुरुष सर्व पाहुण्यांना सारखीच ठेवल्यामुळे घरच्यांचे सोवळेही राहते आणि कोणत्याही स्त्रीला अवघडून उत्तर द्यावे लागत नाही.

घरी पोहोचल्यावर खळ्याच्या कडेला पाण्याने भरलेले घंगाळ आणि तांब्या ठेवलेला दिसतो. “चपला भायरच काढा, पाय धुवा आणि मगे भितुर येवा,” असे घरातील आजी स्वतः पुढे येऊन सांगतात आणि लगेच गूळ-पाणी देतात. सांगण्यात हुकूम नसतो, आर्जव असते, आणि म्हणूनच मुंबईहून आलेली लहान मुलेही ते निमूटपणे ऐकतात.

जेवणाची रीत मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण बाहेरून येणाऱ्यांची खरी अडचण तेथेच होते. ओसरीवर पंगत बसते आणि वाढण्याचे काम घरचीच माणसे करतात. ज्या हाताने आपण जेवतो आहोत तो हात वाढण्याच्या भांड्याला किंवा डावाला लावायचा नाही, कारण त्याने सगळे भांडे उष्टे होते. तांब्याला तोंड लावायचे नाही. आपल्या ताटातील तुकडी उचलून दुसऱ्याच्या ताटात ठेवायची नाही. हे सगळे वहिनी पहिल्या जेवणाच्या आधीच सांगतात. भात वाढताना ‘पुरे’ म्हणायला संकोच केला की ताटात अन्न उरते, आणि या घरात टाकलेल्या अन्नाचे सर्वांत जास्त वाईट वाटते, म्हणून त्या पहिल्यांदा मुद्दामच थोडे वाढतात. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले आणि उकडा भात उत्तम होताच. परंतु सोमवारी मिळालेले काळ्या वाटाण्याचे सांबारे, आंबोळ्या आणि सोलकढी हे जेवण मला त्याहून सरस वाटले. मासे नाहीत म्हणून सोमवार टाळणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

घरातील काका पाहुण्यांना आरवलीच्या श्री वेतोबाच्या दर्शनाला घेऊन जातात. वेतोबा हा गावाचा राखणदार; नवस फेडण्यासाठी त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याची मोठमोठी पायताणे अर्पण केली जातात. देव रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि त्यामुळे ती पायताणे झिजतात, अशी श्रद्धा आहे. पर्यटक अनेकदा या पायताणांजवळ हसत उभे राहून छायाचित्रे काढतात, त्यांत स्वतःचा पाय घालून पाहतात आणि हे पाहणाऱ्या गावकऱ्याला काय वाटत असेल याचा विचार करीत नाहीत. काका निघण्यापूर्वीच ही सगळी हकिकत सांगतात, देवळातील माणसाला विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नका असे बजावतात आणि प्रसाद उजव्या हाताने, खाली डावा हात धरून कसा घ्यावा हे करून दाखवतात. वाटेतील देवराईतून पान किंवा वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, हेही ते तेथेच थांबून समजावतात. किनाऱ्यावर रापण, म्हणजे अनेकांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल तर दोर किंवा जाळे ओलांडू नये, चपला घालून होडीत चढू नये, आणि ओढायला हात लावायचा असेल तर आधी रापणकरांना विचारावे, या त्यांच्या सूचना मला अत्यंत योग्य वाटल्या.

खोल्या साध्या आणि स्वच्छ आहेत, गाद्या थोड्या कडक आहेत, दर परिसराच्या मानाने वाजवी आहेत.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. पाहुणा टेकतो न टेकतो तोच त्याला आडनाव, मूळ गाव आणि त्यापुढे ‘म्हणजे तुम्ही अमक्यांपैकी का?’ असे विचारले जाते. विचारणाऱ्या आजींच्या मनात ओळख काढण्यापलीकडे काही नसेल, परंतु या प्रश्नातून जात विचारली जाते हे ऐकणाऱ्याला कळते आणि काहींना ते मनापासून दुखावते. पाहुण्यांना इतक्या काळजीने रीत सांगणाऱ्या घराने हा प्रश्न आपल्या बाजूने थांबवावा, असे मी त्यांना सांगितलेही आहे. दुसरे असे की, तो संदेश फक्त मराठीत येतो. कर्नाटकातून किंवा परदेशातून आलेल्या पाहुण्यांना त्याची गरज आपल्यापेक्षा अधिक असते. त्यांच्यासाठी इंग्रजी आणि हिंदी मजकूर तयार ठेवायला हवा.

येथे येण्यासाठी कोकण रेल्वेने सावंतवाडी किंवा कुडाळ स्थानकावर उतरावे. पावसाळ्यात आल्यास 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्यामुळे ताज्या मासळीचा आग्रह धरू नये. गणेशचतुर्थीला चाकरमानी घरी येतात आणि गणपती घरात असेपर्यंत खोल्या भाड्याने दिल्या जात नाहीत. त्या दिवसांसाठी आरक्षणाची विचारणा करू नये, अशी घरच्यांची विनंती आहे.