टीडीएस मीटर घेतला, पण त्याला साखर दिसलीच नाही

पेनाएवढा तो टीडीएस मीटर (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ) असतो ना, ऑनलाइन तीनशे-साडेतीनशेला मिळतो, तो घेऊन मला आता तीन आठवडे झालेत आणि रोज कशात ना कशात बुडवून झालाय, म्हणून सविस्तर लिहितेय. घ्यायचा की नाही याचं उत्तर आधीच देते, घ्या. पण तो नक्की काय मोजतो हे समजून घ्या, नाहीतर त्याच्या आकड्यावरून कोणीही तुम्हाला काहीही विकेल.

आमच्याकडे लातूरला नळाचं पाणी रोज येत नाही, बाकीचे दिवस सोसायटीचं बोअर. बोअरचं पाणी जड, गीझरची कॉइल दोन वर्षांत पांढरी होते. मागच्या महिन्यात एक प्युरिफायरवाला दारात आला (कंपनीचं नाव लिहीत नाही), त्याने दोन ग्लास मांडले, एकात आमचं पाणी, एकात त्याचं शुद्ध पाणी, आणि दोन्हीत धातूच्या कांड्या सोडून प्लग लावला. मिनिटभरात आमचं पाणी हिरवट-तपकिरी गाळाने भरलं, त्याचं मात्र जसंच्या तसं. सासूबाई घाबरल्या, “अगं हे आपण रोज पितो?” म्हणाल्या. मी त्या दिवशी काही घेतलं नाही पण रात्रभर डोक्यात तेच, म्हणून आधी मीटर मागवला.

मीटरचं आधी सांगते. खाली दोन पिना, वर छोटा स्क्रीन, आत बटणासारखे दोन सेल. रेघेपर्यंत बुडवायचा, हलकेच हलवायचा म्हणजे पिनांवर चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटतात (बुडबुडे राहिले तर आकडा कमी येतो, पहिल्या दिवशी मला प्रत्येक वेळी वेगळा आकडा यायचा तो त्यामुळेच), मग होल्ड दाबायचं. नळाचं पाणी २८०, बोअरचं ८६०, आईच्या घरच्या आरओचं (बारीक पडद्यातून क्षार गाळणारा प्युरिफायर) ४५, पावसाचं थेट पातेल्यात धरलेलं १४. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ५०० पर्यंत चांगलं म्हणतं आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं, एका लिटरमध्ये तितके मिलिग्रॅम. म्हणजे बोअरचं पाणी जड आहे, पण विष वगैरे नाही.

स्क्रीनवर आकड्याशेजारी पीपीएम लिहिलेलं असतं, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. माझ्या नववीतल्या मुलीला ते पाठ होतं पण डोळ्यांसमोर येत नव्हतं, मग आम्ही टँकरचा हिशोब केला. दहा हजार लिटरचा टँकर, त्यात १० ग्रॅम मीठ टाकलं, म्हणजे दोन चमचे धरा, की झालं १ पीपीएम. लातूरच्या मुलांना टँकर समजावून सांगावा लागत नाही, तिला लगेच कळलं.

मग खरी परीक्षा घ्यायची म्हणून आम्हीच द्रावण केलं. १० ग्रॅम मीठ, आणि इथे एक गोष्ट बहुतेक जण चुकतात, मीठ घेऊन त्यात एक लिटर पाणी ओतायचं नाही, थोड्या पाण्यात मीठ विरघळवायचं आणि मग एक लिटरच्या खुणेपर्यंत भरायचं, कारण संहती म्हणजे तयार झालेल्या द्रावणाच्या एका लिटरमध्ये किती, ओतलेल्या पाण्याच्या लिटरमध्ये नाही. त्यातलं १०० मिली काढून परत लिटरभर केलं, म्हणजे १ ग्रॅम, त्यातलं परत १०० मिली, म्हणजे लिटरला ०.१ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ०.१ ग्रॅम कधीच मोजता आलं नसतं, पण विरल करत गेलं की आपोआप मिळतं, आणि मुलीला ही युक्ती सगळ्यात जास्त आवडली. सगळं आरओच्या पाण्यात केलं. शेवटच्या ग्लासात १०० यायला हवे होते, आले १४८. ती म्हणाली मीटर खोटा. मी म्हटलं पाण्याचे स्वतःचे ४५ मोजले का? तेव्हा जुळलं. मधला १०४० च्या आसपास, तोही ठीक. पण पहिला, १० ग्रॅमचा, तिथे दहा हजार यायला पाहिजेत तर ८,८०० च्या वर जाईना. हा मीटरचा दोष नाही, हे पुढे सांगते.

आता साखर. लिटरला १०० ग्रॅम साखर, चांगला गोडमिट्ट पाक, त्यात मीटर बुडवला आणि आकडा ४५ च्या आसपासच. शंभर ग्रॅम टाकले आणि तो म्हणतोय जवळपास काही नाही! “आई, साखर पाण्यात नाहीये का मग?” असं तिने विचारलं आणि मला वाटतं तीनशे रुपये तिथेच वसूल झाले.

कारण हा मीटर विरघळलेले पदार्थ मोजतच नाही. तो पाण्यातून वीज किती जाते ते मोजतो आणि त्याला एका ठरलेल्या आकड्याने गुणून पीपीएम दाखवतो. मीठ पाण्यात पडलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे भारित कण सुटे होतात, ते वीज वाहून नेतात. साखरेचे रेणू विरघळतात पण तुटत नाहीत, भार नाही, वीज नाही. हे आज सोपं वाटतं, पण अशा भारित कणांसाठी आयन हा शब्द १८३४ मध्ये इंग्लंडच्या फॅराडेने आणला तेव्हा समज अशी होती की वीज सोडल्यावर ते कण तयार होतात. नुसतं विरघळल्यावरच मीठ तुटतं, विजेची गरजच नाही, ही बाजू धरली स्वीडनच्या आऱ्हेनियसने. १८८४ मध्ये उप्सालाला त्याने विद्युतवहनावर प्रबंध दिला आणि परीक्षकांनी त्याला इतका खालचा दर्जा दिला की तिथे शिकवायची वाट जवळपास बंदच झाली. त्याच कामासाठी १९०३ मध्ये नोबेल मिळालं. मला हे वाचून खरंच गलबलून आलं, कारण त्या परीक्षकांच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं की मिठातला सोडियम सुटा झाला तर पाण्यात पेट घेईल ना. सोडियम धातू वेगळा आणि भार असलेला सोडियमचा आयन वेगळा, हे त्या काळात कोणाच्या पचनी पडणं अवघडच होतं.

आणि ते ८,८००? दाट द्रावणात उलट भारांचे आयन एकमेकांना ओढून धरतात, मोकळेपणी पळू देत नाहीत, म्हणून मीठ दहापट झालं तरी वीज दहापट वाढत नाही. हे जर्मनीच्या कोलराउशने फार बारकाईने मोजून ठेवलंय. त्याचीच दुसरी युक्ती अशा मीटरमध्ये वापरतात, ती म्हणजे दिशा सतत बदलणारी वीज, म्हणजे पिनांवर रासायनिक क्रिया साचत नाही आणि पाणी बिघडत नाही.

इथे मला तो प्युरिफायरवाला आठवला. त्याच्या कांड्यांमध्ये वीज एकाच दिशेने जात होती आणि त्यातली एक लोखंडाची होती, मग काय होणार, लोखंड झिजून पाण्यात उतरणार आणि त्याचा गाळ होणार. तो गाळ आमच्या पाण्यातला नव्हताच, त्याच्या कांडीतला होता! खात्री करायला आम्ही ९ व्होल्टची छोटी बॅटरी आणि दोन साधे खिळे घेतले (घरातल्या प्लगला असलं काही अजिबात जोडू नका), आरओच्या पाण्यात सोडले, काहीच झालं नाही. मग त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं, थोड्या वेळाने तोच हिरवट-तपकिरी गाळ. शुद्ध पाणी, घरचं मीठ, आणि रंग तोच. सासूबाईंना समोर बसवून दाखवलं. मला राग याचा येतो की म्हाताऱ्या माणसांना असं घाबरवून पंधरा-वीस हजारांच्या वस्तू गळ्यात मारतात.

मीटरची खरी कमजोरी मला शेजारच्या वहिनींमुळे कळली. त्यांच्याकडे दुसरा मीटर आहे, एकाच ग्लासात दोन्ही बुडवले तर माझा ८६०, त्यांचा १२००. आधी वाटलं एक बिघडलाय. पण काही मीटर विजेच्या आकड्याला ०.५ ने गुणतात, काही ०.७ ने. वाहकता, म्हणजे वीज किती जाते तो मूळ आकडा, दोघांनीही १७२० च मोजली होती, फक्त भाषांतर वेगळं. हे पाकिटावर ठळक छापायला हवं, माझ्या पाकिटावर कुठेच नाही, एक स्टार यासाठी कापला. तपासायचं असेल तर कॅलिब्रेशनची, म्हणजे मीटर पडताळायची, १४१३ लिहिलेली बाटली मिळते, ते म्हणजे ठरलेल्या संहतीचं (०.०१ मोलर) पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण, आणि १४१३ ही त्याची २५ अंशांना वाहकता. त्यात ०.५ वाला मीटर ७०७ च्या जवळ आणि ०.७ वाला ९८९ च्या जवळ दाखवतो.

मग खरं किती, हे ठरवायची जुनी पद्धत एकच, पाणी आटवा आणि उरलेलं तोला. आम्ही एक लिटर बोअरचं पाणी गाळून स्टीलच्या छोट्या पातेल्यात थोडं थोडं घालत आटवलं, आणि ओळखीच्या सराफांच्या काट्यावर पातेलं आधी आणि नंतर तोललं. एक ग्रॅमपेक्षा किंचित जास्त आलं, म्हणजे माझ्या आणि वहिनींच्या मीटरच्या बरोबर मधे. टँकरमागे दहा किलो क्षार! यातही थोडं निसटतंच, कारण उकळताना बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पांढरा थर कार्बोनेटचा उरतो, गीझरच्या कॉइलवर बसतो तो बराचसा हाच.

या पांढऱ्या थराने एकेकाळी मोठमोठ्यांना फसवलंय. सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट नावाच्या शास्त्रज्ञाने कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घेतली, ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं, झाड १६९ पौंडांचं झालं आणि माती जवळपास तेवढीच, म्हणून त्याने म्हटलं की झाड पाण्याचंच बनलं. पाणी उकळून आटवलं की तळाशी मातीसारखं उरतं, मग पाण्याचीच माती होते असंही लोक मानायचे. फ्रान्सचा रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, त्याने १७६८ च्या हिवाळ्यात काय केलं, पुन्हा पुन्हा शुद्ध केलेलं पाणी एका बंद काचेच्या भांड्यात घालून १०१ दिवस सतत तापवलं. वाफ वर जाऊन परत खालीच येईल असं ते भांडं. शेवटी पाण्यात कण दिसले. पण त्याने सगळं आधी तोलून ठेवलं होतं, पाण्यासकट बंद भांड्याचं एकूण वजन बदललं नव्हतं, आणि रिकाम्या भांड्याचं वजन साधारण तेवढंच घटलं होतं जेवढी ती ‘माती’ भरली. म्हणजे काचच विरघळली होती. प्युरिफायरवाल्याच्या कांडीची गोष्ट हीच की, पाण्याला दोष लागला आणि गुन्हेगार भांडं! फक्त लाव्हाझिएने तराजू वापरून ते शोधलं आणि दारात आलेल्याने ते लपवलं.

साखरेचं काय, तर तिला दुसरं यंत्र. द्रावण जितकं दाट तितकं तरंगणारं नळकांडं वर राहतं, आपला दूध तपासायचा लॅक्टोमीटर तोच. फ्रान्सच्या बोमे नावाच्या औषधविक्याने १७६८ मध्ये असं नळकांडं मिठाच्या द्रावणांवर आखलं, साधं पाणी शून्य आणि १५ टक्के मिठाचं द्रावण १५ अंश. आमच्या भागात उसाच्या रसाचा ब्रिक्स मोजतात, १०० ग्रॅम रसात साधारण किती ग्रॅम साखर, तोही याच घराण्यातला. टीडीएस मीटर घेऊन उसाच्या रसाची गोडी बघायला जाऊ नका.

दुसरं म्हणजे ओआरएस. त्याच्या लिटरच्या पाकिटात २०.५ ग्रॅम पूड असते, त्यातले १३.५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे दोन तृतीयांश भाग या मीटरला दिसतच नाही. तेव्हा बरोबर झालंय का हे मीटरने बघू नका, पाकिटावर लिटर लिहिलंय तर लिटरभरच पाणी मोजून घ्या. आमच्याकडे ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट टाकून देणारे खूप आहेत. जुलाब झालेल्या लेकराला इतकं दाट द्रावण दिलं तर आतड्यात पाणी शोषलं जायच्या ऐवजी उलटं ओढलं जातं.

आणि हे नीट लक्षात ठेवा, फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि अगदी नाइलाजाने १.५. माझ्या ८६० मध्ये ५ मिलिग्रॅम फ्लोराइड असलं तरी मीटरच्या आकड्यावरून ते कधीच कळणार नाही, आणि जंतू तर त्याला दिसतच नाहीत. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरकडे बोअरचं पाणी पीत असाल तर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत बाटली द्या. आम्ही आमची दिलीय.

मीटर कशासाठी उत्तम आहे? घरी आरओ असेल तर मेंब्रेन (आतला गाळणारा पडदा) गेलं का ते बघायला, महिन्याला एकदा मोजून वहीत लिहा, ४५ चे १५० झाले की बोलवा माणसाला. टँकर आला की नेहमीच्याच ठिकाणचा आहे का हे बघायला. तापमान वेगळं असेल तर दर अंशाला दोनेक टक्के फरक पडतो, मीटर ते स्वतः सांभाळतो असं लिहिलंय पण गरम पाण्यात माझा गडबडला, म्हणून पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. वापरून झाल्यावर पिना साध्या पाण्याने धुवून झटकून टोपण लावा, मी मिठाच्या पाण्यानंतर एकदा विसरले तर दुसऱ्या दिवशी नळाचं पाणी ३४० दाखवत होता.

पाचपैकी चार स्टार. तो प्युरिफायरवाला परत येणार म्हणून सांगून गेलाय, लेकीने बॅटरी, खिळे आणि मिठाची डबी दाराजवळच्या कप्प्यात ठेवलीय.