व्हॉल्व्ह प्रीअँप, वर्षभराच्या वापरानंतर: डावीकडचा आवाज का फाटत होता

ज्यांनी हा प्रीअँप (अँप्लिफायरच्या आधी बसणारी, आवाजाचा सिग्नल वाढवणारी पेटी) घेतलाय किंवा घ्यायच्या विचारात आहेत, त्यांना मांडणी माहीत असणारच. चार ईसीसी ८३ व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या, म्हणजे ट्यूब), दोन फोनोला (फक्त रेकॉर्डसाठी), दोन लाइनला (सीडीसकट सगळ्यासाठी), प्रत्येक चॅनेलला आपापला व्हॉल्व्ह; एकेका व्हॉल्व्हमध्ये दोन ट्रायोड, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या दोन पायऱ्या. १९६० च्या सुमाराच्या डायनाको पास-२ या अमेरिकन प्रीअँपच्या घराण्यातलीच ही रचना, त्यामुळे सर्किटबद्दल मला पहिल्यापासून शंका नव्हती आणि आजही नाही. तक्रार आहे ती आत बसवलेल्या एका सुट्या भागाबद्दल, आणि तो भाग जाहिरातीत मिरवला गेला त्याबद्दल.

पहिले काही महिने सुखाचे गेले. किशोरीताई आमोणकरांची एलपी लावली की तानपुरा खोलीभर पसरायचा. मग पावसाळ्याच्या शेवटी डाव्या स्पीकरमधून तार सप्तकातला स्वर फाटायला लागला. सुरुवातीला नाही, मशीन चांगलं तापल्यावर. पहिली बाजू स्वच्छ, दुसऱ्या बाजूला द्रुत सुरू झाली की डावीकडे चरचर. मंद्रात काही नाही, हळू आवाजात काही नाही, फक्त जोर आला की फाटतो.

कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, "सर, ट्यूबमध्ये थोडं डिस्टॉर्शन असतंच, तोच तर वॉर्म साउंड." हे वाक्य मला अजून खटकतं, कारण ते अर्धं खरं आहे. ट्रायोडच्या डिस्टॉर्शनमध्ये (आवाजाची लहर बिघडण्यात) मुख्यतः दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा स्वर, असतो. षड्जाचा दुसरा हार्मोनिक म्हणजे वरचा षड्जच, तो सुरात मिसळून जातो, म्हणून कानाला गोड लागतो. पण लहर एका बाजूने कापली गेली की वरचे हार्मोनिक दाटीने येतात. तिसरा पंचम, पाचवा गंधार, इथवर तानपुऱ्याच्या सवयीचा कान ओढून नेईल. सातवा मात्र आपल्या कोमल निषादाच्याही खाली पडतो, आणि तो ऐकला की गाणाराच बेसूर वाटतो. किशोरीताईंना बेसूर ठरवणाऱ्या यंत्राला वॉर्म म्हणायची माझी तयारी नाही.

दुसऱ्या फोनवर सुई झिजली असेल म्हणाले. म्हणून सीडी प्लेअर लावला. तिथेही तेच, तीच डावी बाजू. म्हणजे सुई, कार्ट्रिज, फोनोचे दोन्ही व्हॉल्व्ह सगळे सुटले. सीडीचे दोन व्होल्ट जास्त होत असतील म्हणून प्लेअरकडूनच पातळी कमी केली. फाटणं थोडं उशिरा यायला लागलं, गेलं नाही. आरसीए केबलींची अदलाबदल केली, तरी डावंच. शेवटी लाइनचे दोन व्हॉल्व्ह डावे-उजवे बदलले. दोष व्हॉल्व्हबरोबर उजवीकडे गेला असता तर व्हॉल्व्ह खराब, जागचा हलला नाही तर सर्किट खराब. तो हलला नाही. सॉकेटचे पाय आयसोप्रोपिलने पुसले, व्हॉल्व्हवर पेन्सिलने टिचक्या मारून पाहिल्या, काही फरक नाही.

हे सगळं लिहून पाठवल्यावर कंपनीने काय सुचवलं? चारही व्हॉल्व्हचा "मॅच्ड" (एकसारखे निवडलेले) संच, पाच आकडी किमतीत, शिवाय मशीन कुरियरने पाठवायचा खर्च माझा. जो भाग निर्दोष असल्याचं मी दाखवून दिलं, तोच विकत घ्या म्हणतात. त्या संध्याकाळी मशीन विकून टाकायचं ठरवलं होतं, जाहिरातीसाठी फोटोही काढले होते.

त्याऐवजी झाकण उघडलं. आत २५० व्होल्ट असतात आणि या मशीनमध्ये बंद केल्यावरही ते बराच वेळ टिकतात, कारण फिल्टर कपॅसिटरवर साठलेलं व्होल्टेज उतरवणारा ब्लीडर रेझिस्टरच दिलेला नाही. ज्यांना याची सवय नाही त्यांनी पुढचं वाचावं, पण स्वतः करू नये. रेडिओ दुरुस्तीतला जुना माणूस गाठावा.

मोजमापं अशी निघाली. लाइन व्हॉल्व्हच्या दुसऱ्या पायरीची ग्रिड (जिथून आवाज आत येतो) म्हणजे सात नंबरचा पाय. तिथे डीसी (स्थिर व्होल्टेज) शून्य हवा. उजवीकडे शून्य. डावीकडे चालू केल्याबरोबर जेमतेम काही मिलिव्होल्ट, आणि मग मीटर चढायला लागला. मशीन तापलं तसा अर्धा व्होल्ट, एक, दीड. त्याच पायरीची प्लेट (जिथून आवाज बाहेर पडतो) उजवीकडे १६५ च्या आसपास, डावीकडे १२० वर घसरलेली. कॅथोड (ज्याच्या तुलनेत ग्रिडचं व्होल्टेज मोजतात) उजवीकडे १.३ व्होल्ट, डावीकडे दोनला टेकलेला.

म्हणजे पहिल्या पायरीच्या प्लेटवरून दुसरीच्या ग्रिडवर फक्त आवाज जाऊ देणारा आणि डीसी अडवणारा कपलिंग कपॅसिटर गळत होता. गळती किती? ग्रिडचा रेझिस्टर एक मेगओहमचा, पहिल्या पायरीच्या प्लेटवर १६५ व्होल्ट, दुसरीच्या ग्रिडवर दीड. हिशेब केला तर कपॅसिटरचा रोध शंभर मेगओहमच्या थोडा वर निघतो. साध्या मल्टिमीटरवर असा कपॅसिटर ठणठणीत दिसेल, कारण मीटरची रेंजच तिथवर जात नाही. पण ईसीसी ८३ ची ग्रिड कॅथोडच्या जेमतेम सव्वा व्होल्ट खाली बसलेली असते. दीड व्होल्ट गळाला की कॅथोड थोडा वर सरकतो, तरी मधलं अंतर अर्ध्या व्होल्टवर येतं. मग जोराचा स्वर आला की ग्रिडमधून करंट वाहायला लागतो आणि लहरीचं एक टोक छाटलं जातं. हळू आवाजाला तेवढं अंतर पुरतं. उष्णतेने गळती वाढते, म्हणून पहिली बाजू स्वच्छ वाजत होती.

आता तो कपॅसिटर कोणता? जुन्या सोव्हिएत बनावटीचा पेपर-इन-ऑइल. माहितीपत्रकात याचा वेगळा फोटो आहे, किंमत वाढवायला हाच पुढे केलेला आहे. कित्येक दशकं कुठल्यातरी गोदामात पडलेला कागद आणि तेल, त्यातले काही चांगले निघतात हे मान्य. पण मग बसवण्यापूर्वी प्रत्येकाची गळती पूर्ण व्होल्टेजवर, गरम करून मोजायला हवी. ती मोजली असती तर हा भाग माझ्या मशीनमध्ये आलाच नसता. एवढे पैसे घेऊन एवढी तपासणी मिळत नसेल तर ग्राहकाने पैसे मोजले कशासाठी?

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलिनचे नवे कपॅसिटर घेतले, आणि ब्लीडरसाठी २२० किलोओहम, दोन वॉटचा रेझिस्टर. सगळं मिळून दोनशेच्या आत. दुकानदाराने मी सांगायच्या आधीच विचारलं, "कपलिंगला ना?" डोंबिवलीला परत येऊन जोडले. सात नंबरच्या पायावर शून्य, तासाभरानेही शून्य. दोन्ही प्लेट एकमेकींच्या दोन-तीन व्होल्टच्या आत.

त्यामुळे विकायचा विचार मी सोडला, आणि मशीनबद्दलचं मतही बदललं. तेलाच्या कपॅसिटरने येणारा म्हणून सांगितलेला गोडवा नव्या कपॅसिटरनेही तसाच आहे. मी शांतपणे, त्याच रेकॉर्डवर, पुन्हापुन्हा ऐकलंय. तंबोऱ्याची जवारी उलट जास्त मोकळी लागते. ट्रान्सफॉर्मर उत्तम आहे, गुणगुण नाही. आमच्याकडे रात्री २४५ पर्यंत व्होल्टेज चढतं तेव्हाही व्हॉल्व्हच्या हीटरला (आतल्या तापणाऱ्या तारेला) ६.६ व्होल्टच मिळतात, ६.३ च्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. व्हॉल्यूमचा पॉट दोन्ही बाजूंना सारखा चालतो. ज्याने हा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला आणि ग्राउंडची तार इतकी विचारपूर्वक फिरवली, त्या कारागिराबद्दल मला आदर आहे. त्याचं काम एका दिखाऊ भागाने बदनाम झालं, याचं जास्त वाईट वाटतं. सर्व्हिसला मी काहीच गुण देणार नाही.

नवीन घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी लाइन व्हॉल्व्हच्या सात नंबरच्या पायाचं गरम मशीनवरचं डीसी मोजमाप लेखी मागावं. विकणारा टाळाटाळ करत असेल तर साध्या फिल्म (पॉलिप्रॉपिलिनसारख्या) कपॅसिटरचं मशीन मागावं, तेही स्वस्तात. आणि ज्यांच्याकडे हेच मॉडेल आधीपासून आहे त्यांनी डावीकडचा कपलिंग कपॅसिटर बदलताना उजवीकडचाही बदलून घ्यावा, आज तिथे शून्य दिसत असलं तरी. दोन्ही एकाच खोक्यातून आलेले आहेत.