न्यूरोसायन्स करायचंय : आयसर पुणे की सरकारी कॉलेजातून झूलॉजी?

बारावीनंतर "मेंदूवरच काम करायचंय" म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो, आपल्याकडे नुसती न्यूरोसायन्सची बीएस्सी शोधत बसू नका, खरी निवड या दोनमध्येच आहे.

आयसर पुणे (केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, 2006 पासून), पाच वर्षांचं बीएस-एमएस. पण आत जायला आयएटी ही प्रवेश परीक्षा, 60 प्रश्न, बायो, केमिस्ट्री, मॅथ्स, फिजिक्स प्रत्येकी 15, म्हणजे "मॅथ्स सोडलं कारण बायो आवडतं" वाल्यांची इथेच वाट लागते. आत गेल्यावर सुरुवातीला पण चारही विषय गळ्यात. वैताग येतो, पण न्यूरॉनचं फायरिंग (चेतापेशीनं विजेचा सिग्नल सोडणं) म्हणजे शेवटी आयन आणि व्होल्टेजचाच खेळ, त्यामुळे ते फुकट जात नाही. आणि शेवटचं अख्खं वर्ष लॅबमध्ये थिसिस, हे झूलॉजीवाल्याला स्वप्नातच.

सरकारी कॉलेजातली बीएस्सी झूलॉजी? फी कमी, घर जवळ. प्रॅक्टिकलला स्पायनल कॉर्डची जुनी स्लाइड, लेबल उडालेलं, ग्रे मॅटरचं (आतल्या करड्या भागाचं) फुलपाखरू दिसलं की चित्र काढा, जर्नलवर सही घ्या, झालं. जिवंत न्यूरॉनचं रेकॉर्डिंग वगैरे विसरा. पण वेळ भरपूर मिळतो, त्यात पायथन आणि स्टॅटिस्टिक्स शिकलात तर पुढे जेजीईईबिल्स (जीवशास्त्रातल्या पीएचडीची प्रवेश परीक्षा) देऊन टीआयएफआर या संशोधन संस्थेत इंटिग्रेटेड पीएचडीचा रस्ता उघडा आहे, बीएस्सीवर.

माझं मत विचाराल तर आयसर, डोळे झाकून. पण मॅथ्स खरंच झेपत नसेल तर झूलॉजी घ्या आणि दर उन्हाळ्यात इंटर्नशिपसाठी प्रोफेसरांना मेल टाकत रहा, दहातले नऊ उत्तर देणार नाहीत.